बटाटे आणायला गेलेला माणूस

अमवाज, बहरीन
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

वकार,

सलाम. हे पत्र इमादच्या हाती देतोय. खालच्या आळीतला इमाद, इथे मआमीरला वेल्डर आहे, पंधरा दिवसांच्या रजेवर येतोय. त्याला बजावलंय की पत्र तुझ्याच हातात द्यायचं. बानूच्या नको आणि तुमच्या लेकीच्या, लाईबाच्याही नको. मायलेकी आधी स्वतः वाचतील आणि मग तुला दाखवायचं की नाही ते ठरवतील.

फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, ते कट करता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. म्हणजे कामाचं मी पहिल्या दोन ओळींतच लिहायला हवं होतं. राहिलं. आता लिहितो.

३१ डिसेंबरला माझा व्हिसा संपतो. कंपनी वाढवून देणार नाही, वय झालं म्हणतात. एकेचाळीस वर्षं झाली, आता खलास. मला घरी यायचंय. घरी म्हणजे आपल्या घरी. तुझी भाभी आबिदा गेल्यापासून माझ्या दोन खोल्यांना कुलूप आहे आणि चावी तुझ्याकडे आहे. कायदा काढून बसलो तर मला विचारायची गरज नाही, हे मलाही कळतं. पण एका अंगणात राहायचं आणि तू मला बघून मागच्या दाराने बाहेर जायचं, जसा माझ्या प्रत्येक रजेत सासरी चिपळूणला जाऊन बसतोस, ते आता मला झेपणार नाही. म्हणून विचारतो. येऊ का?

शाजियाला विचारलं होतं. पोरगी गुणी आहे, बापाला नाही म्हणत नाही. म्हणाली, 'पप्पा, यू कॅन कम फॉर द समर.' तिकडे इंग्लंडात लेस्टरला समर किती दिवसांचा असतो ते तिला विचारायचं धाडस झालं नाही.

दुसरी गोष्ट. मला गुंडू भेटला.

मस्करी करत नाही. मी या बिल्डिंगचा मेंटेनन्स सुपरवायझर आहे, म्हणजे कोणाच्या घरात कुठून पाणी गळतं ते लोकांनी मला सांगायचं आणि मी कोणाला तरी पाठवायचं. पाचव्या मजल्यावर मिस्टर रेनातो म्हणून एक इटालियन म्हातारा राहतो. जहाजांचा इंजिनीअर होता. बायको वारली, मुलगी तिकडे त्यांच्या देशात. मंगळवारी त्याचा एसी गळत होता. मेकॅनिक आजारी, म्हणून मीच स्टूल घेऊन गेलो. वर चढलो, जाळी काढली, सहज टीव्हीकडे बघितलं तर काळ्यापांढऱ्या चित्रात आपला गुंडू! तीच टोपी, तेच पडलेले खांदे, कोणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून चालणं. मी स्टुलावरूनच ओरडलो, 'अरे गुंडू!' रेनातोच्या हातातली कॉफी सांडली.

तुला सांगायला नको, पण लिहिताना बरं वाटतंय म्हणून लिहितो. नईम मोहल्ल्यातली आपली खोली, सहा माणसं आणि चार खाटा. सुट्टी फक्त शुक्रवारची. जुम्म्याची नमाज, मग मच्छीचं कालवण आणि भात, मग व्हिडिओ. एकदा दुकानदाराकडे हिंदी कॅसेट उरली नाही म्हणून त्याने ही गळ्यात मारली. वर मार्करने 'इटालियन कॉमेडी' एवढंच लिहिलेलं. भाषा कळेना, खाली अक्षरं नाहीत. दहाव्या मिनिटाला सगळे बंद कर, बंद कर म्हणून ओरडायला लागले. तेव्हा टीव्हीवरची ती बाई खिडकीतून नवऱ्यावर खेकसत होती आणि तू मागच्या खाटेवरून तिच्या तोंडी वाक्य घातलंस, 'मेल्या, परत थोबाड दाखवू नुको!'

मग मी नवऱ्याचा आवाज काढला. तिथून सुरू झालं. पुरुष सगळे माझे, बाया सगळ्या तुझ्या. त्याला आपण गुंडू केलं. आपला ड्रायव्हर दत्ताराम उठताबसता बायकोचं नाव घ्यायचा म्हणून ती मथुरा झाली. पाच वर्षं चाललं ते. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं येऊन बसायची, भाषा येत नसलेले मल्याळीसुद्धा. आणि शेवट. गुंडू सात वर्षं भटकून घरी येतो, टोपी काढतो, दार ठोठावतो आणि एकदम शारजाची मॅच! कोणीतरी त्यावरच मॅच भरून ठेवली होती. मग टीव्ही बंद करून सगळे तुझ्याकडे बघायचे. दार उघडायचं की नाही हे मथुरेने ठरवायचं, म्हणजे तू. कधी उघडायचास. कधी नुसती कडी वाजवून दाखवायचास आणि मी बाहेर गयावया करत बसायचो.

तो शेवटचा शुक्रवार सोडून देऊ. बाकीचे शुक्रवार चांगले होते की नाही, तूच सांग.

खाली माझा नंबर लिहिलाय. हो किंवा नाही, एवढं कळवलंस तरी चालेल.

तुझा भाई,
अन्सार


अमवाज
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

वकार,

इमादचा फोन आला. तू पत्र घेतलंस, उघडलं नाहीस, सदऱ्याच्या खिशात घातलंस आणि त्याला चहा पाजलास. फाडलं नाहीस. तेवढ्यावर मी दिवस काढतोय. इमादला मी चारचारदा विचारलं, कुठल्या खिशात? तो वैतागला. 'चाचा, वरच्या खिशात, पेनासोबत,' म्हणाला.

मागच्या शुक्रवारी रेनातोने मला बोलावून पूर्ण पिक्चर दाखवला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. मी नवा सदरा घालून गेलो होतो, उगाचच. त्याने कॉफी दिली, ती मला आवडत नाही, पण दोन कप प्यायलो.

वकार, आपण मथुरेवर पाच वर्षं अन्याय केला.

तो खिडकीचा सीन आठव. ती खिडकीतून ओरडते, तो खाली रस्त्यावर मान घालून उभा, मग ती वरून काहीतरी फेकते आणि ते त्याच्या तोंडावर पडतं. आपण काय समजलो होतो? तिने त्याला हाकललं, अंगावर कपडे फेकले. तसं काहीच नाही. ती ओरडत असते, 'दोन किलो आण! आणि कोंब आलेले बघून टाळ, मागच्या वेळी तेच आणलेस!' आणि फेकते ती पिशवी. बाजाराची कापडी पिशवी. तिने त्याला बटाटे आणायला पाठवलंय!

एवढंच. तो बटाटे आणायला निघतो. वाटेत एक मयत जात असते, कोणीतरी त्याला नातेवाईक समजून खांदा द्यायला लावतं. आपण त्या सीनला त्याला मजुरी मिळाली म्हणायचो. मयतीहून सुटतो तर बँडवाले त्याच्या गळ्यात ढोल अडकवतात, मग कुठल्याशा लष्करी ट्रकमध्ये चढतो, मग जहाज. प्रत्येक ठिकाणी तो एकच सांगत असतो, 'मला घरी जायचंय, बायको वाट बघतेय, मी फक्त बटाटे न्यायला आलोय.' आणि सात वर्षं ती पिशवी त्याच्या कोटाच्या खिशात घडी करून ठेवलेली. मी हसत होतो आणि मध्येच गप्प झालो. रेनातोला वाटलं मला अक्षरं वाचता येत नाहीयेत. तो बिचारा मोठ्याने वाचून दाखवायला लागला.

त्याला कोणी हाकललं नव्हतं रे. आपणच हाकललं असं धरून चाललो.

शेवट पाहिला. दाराचं काय होतं ते आता मला ठाऊक आहे. पण इथे लिहिणार नाही. दार नेहमी तुझ्याकडे असायचं, त्यामुळे तुझ्यासमोर बसूनच सांगेन. मी थापा मारतोय असं वाटू नये म्हणून पिक्चरचं नाव रेनातोकडून चिठ्ठीवर लिहून घेतलंय, ती सोबत जोडली आहे. मला ते नाव धड वाचता येत नाही. या वेळी टपालाने पाठवतो, रजिस्टर करून. पोस्टमन सही मागेल तेव्हा नाही म्हणू नकोस, त्याची पायपीट फुकट जाईल.

येऊ का, हे परत विचारतो.

भाई


अमवाज
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

वकार,

तुझं काही आलं नाही. येईल असं धरूनही बसलो नव्हतो. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं म्हणजे दर दोन तासांनी फोन उलटा करून बघतो, आवाज बंद पडलाय का.

माझी खोली बेसमेंटमध्ये आहे, पाण्याच्या पंपाशेजारी. पंप चालू झाला की भिंत थरथरते, बंद झाला की जाग येते. दिवसभर मी शंभर माणसांशी बोलतो. यस सर, नो मॅडम, इंशाल्ला टुमारो. मराठीत बोलून आज नऊ दिवस झाले. तेही इमादशी, फोनवर, चार मिनिटं, आणि त्यातली दोन मिनिटं तो कुठल्याशा वेल्डिंग रॉडबद्दल सांगत होता. मी त्याला तोडलं नाही. बोलू दे म्हटलं, कानावर पडतंय ते पडू दे.

रेनातो मात्र आता मला सोडत नाही. नळ गळतो म्हणून बोलावतो आणि नळ ठणठणीत असतो. त्याने मला या पिक्चरवाल्यांचं सगळं सांगितलं. ऐक, तुला गंमत वाटेल.

त्यांच्याकडे तेव्हा आवाज नंतर भरायचे. शूटिंगच्या वेळी नटमंडळी काहीही बोलायची. गुंडू बनलेल्या नटाला वाक्यं पाठ होत नसत, म्हणून तो कॅमेऱ्यासमोर नुसते आकडे म्हणायचा, एक दोन तीन चार, आणि रडायच्या सीनमध्येही आकडेच, फक्त रडून. मागाहून स्टुडिओत बसून वाक्यं घातली. आणि मथुरेचा तर चेहराच तेवढा त्या नटीचा. आवाज दुसऱ्याच बाईचा. ती बाई अंधाऱ्या खोलीत उभी राहून पडद्याकडे बघत बोलायची आणि तिचं नाव पाटीवर कुठेही नाही. मी रेनातोला म्हटलं, अहो, नईमच्या खोलीत आम्ही दोघं हेच करत होतो! तो म्हणाला, मग तुम्ही अर्धे इटालियन. मी म्हटलं, तुम्ही अर्धे दापोलीकर. दापोली कुठे ते त्याला नकाशात दाखवलं. फार मोठा करून दाखवावा लागला नकाशा.

आता दुसरं ऐक. पिक्चर काढणारा आणि गोष्ट लिहिणारा, दोघे शाळेपासूनचे दोस्त. एका टेबलावर बसून त्यांनी नऊ पिक्चर लिहिले. हा दहावा. याच्या शेवटावरून भांडले. काढणाऱ्याला दार उघडायला हवं होतं, बायकोने मिठी मारायला हवी होती, बाजा वाजायला हवा होता. लिहिणारा म्हणाला, तसं केलंस तर माझं नाव काढून टाक. शेवटी लिहिणाऱ्याचं झालं आणि पिक्चर त्यामुळेच चालला. पण दोघे पुन्हा बोलले नाहीत. राहायचे एकाच इमारतीत. एक लिफ्टने जायचा आणि दुसरा तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढायचा, म्हातारपणीसुद्धा, लिफ्टमध्ये गाठ पडू नये म्हणून. मी विचारलं, पुढे समेट झाला का? रेनातो म्हणाला, माहीत नाही. मी म्हटलं, आठवून बघा. तो म्हणाला, अन्सार, माहीत नाही म्हणजे माहीत नाही.

काल नईमला जाऊन आलो. खोली आहे. खिडकीवर आता जाळी बसवली आहे आणि आत कोणीतरी कांदा परतत होतं. खालचा बकाला, ते किराणा दुकान, मात्र गेला, तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. मी त्या दुकानासमोर बराच वेळ उभा राहिलो. पायरी चढवेना. का ते तुला माहीत आहे.

इथल्या लोकांनी विचारलं की मी सांगतो, भावाचं आणि माझं का बिनसलं ते मलाच नीट कळलेलं नाही. रेनातोलाही तेच सांगितलं. तुला हे सांगून चालणार नाही. पुढच्या पत्रात नीट लिहितो. आज नाही होत.

भाई


अमवाज
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

वकार,

हे पत्र अर्सलानच्या हाती पाठवतोय, तो बहिणीच्या लग्नाला येतोय. यात थट्टा नाही. वाचायला बसशील तेव्हा एकटा बस.

मार्च अठ्ठ्याण्णवचा तो शुक्रवार. सकाळी साडेदहाला बकालेवाल्याने खालून हाक मारली, इंडियाचा फोन आहे म्हणून. मामू होते. म्हणाले, अम्मा गेली. पहाटे फजरची नमाज पढली, चटईवरच आडवी झाली ती उठली नाही. दुपारी असरच्या नमाजनंतर माती देणार, तुम्ही पोचणार नाही हे आम्हाला माहीत आहे, दुआ करा. मी बरं म्हणालो. लाइन कट झाली. बकालेवाल्याने माझा चेहरा बघून खुर्ची पुढे केली. त्याला मी सांगितलं. सगळ्या बहरीनमध्ये पहिल्यांदा त्याला सांगितलं.

वर आलो तर तू कांदे चिरत होतास आणि गात होतास. तुझी रजा मंजूर झाली होती, नऊ दिवसांनी निघणार होतास. अम्मासाठी आणलेलं मोठ्या गुलाबांचं ब्लँकेट खाटेवर पसरून दत्तारामला दाखवत होतास, 'बग, हात लावून बग, म्हातारी यात हरवून जायल.' मी दारात उभा होतो. तेव्हाच सांगायचं होतं.

नमाजनंतर सांगू म्हटलं. नमाजनंतर वाटलं, दोन घास जेवू दे. जेवणं होईपर्यंत माणसं यायला लागली, कोणीतरी कॅसेट लावली, आणि तू मागच्या खाटेवरून सुरू झालास, 'मेल्या, परत थोबाड दाखवू नुको!' आणि मी गुंडूच्या आवाजात उत्तर दिलं.

मी दोन तास बोललो, वकार. एकही वाक्य चुकलो नाही.

मग दार आलं. टीव्ही बंद झाला, सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू त्या दिवशी ताणलं नाहीस. लगेच उघडलंस. मथुरेच्या आवाजात म्हणालास, 'ये रे बाबा, आत ये. तुजी आयस कवाची वाट बगते.' असं तू आधी कधीच म्हणाला नव्हतास. गुंडूला आई नव्हतीच. तुझ्या डोक्यात अम्मा होती. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. लोकांना वाटलं अन्सार काय ॲक्टिंग करतोय! टाळ्या पडल्या. तूही हसत होतास, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. कोणीतरी पेप्सी मागितली आणि तू हसत हसत खाली गेलास.

परत आलास तेव्हा तुझ्या हातात काही नव्हतं. तो बकालेवाला तुला म्हणाला होता, 'वकारभाई, अम्मा का सुनके बहुत बुरा लगा.' त्याला वाटलं तुला माहीत आहे. कोणालाही तसंच वाटलं असतं.

तू एवढंच विचारलंस, 'भाई, तुला कवा कललां?'

मी म्हणालो, 'सकाली.'

ते आपलं शेवटचं बोलणं.

त्यानंतर मी काय काय सांगत आलो ते तुझ्या कानावर आलंच असेल. विमान नव्हतं, पोचता आलंच नसतं. तुला एक दिवस तरी हसू द्यावं असं वाटलं. मी मोठा, मीच सोसावं असं वाटलं. यातलं विमानाचं तेवढं खरं आहे. बाकी सगळं मी रचलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की आबिदासुद्धा मरेपर्यंत त्यावर विश्वास ठेवून होती.

खरं हे आहे की मलाच तो शुक्रवार हवा होता. तुला सांगितलं असतं की अम्मा मेली असती. तुला माहीत नव्हतं तोवर ती माझ्यासाठी पुरती गेली नव्हती. त्या ब्लँकेटची ती अजून वाट बघत होती. मी तुझ्या हसण्याच्या मागे लपून बसलो. गावात तिच्यावर माती पडत होती त्याच वेळी तू बाईचा आवाज काढून माणसांना हसवत होतास, आणि हे तुझ्यावर मी आणलं. तुझ्या आईसाठी रडायचा तुझा पहिला तास मी तुझ्याकडून काढून घेतला. तो परत कुठून आणू? तू मला कधी हाकललं नाहीस. मीच एवढी वर्षं इकडे तिकडे फिरत राहिलो, हे सांगावं लागेल म्हणून.

मला माफ कर. हे तीन शब्द मी आधी कधीच लिहिले नव्हते, ते आत्ता लक्षात आलं.

अठरा डिसेंबरचं मुंबईचं तिकीट काढलंय. तुझं उत्तर आलं नाही तर पनवेलला उतरेन, ओळखीच्या एकाला खोली बघायला सांगितलंय. तसं झालं तरी माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नसेल. चावी तुझ्याकडेच ठेव.

पिक्चरचा शेवट पाहिल्यापासून मला एक खोड लागलीय. लिहिता लिहिता मागे वळून बघतो. कोणी नसतं. पंप असतो.

अन्सार


अमवाज
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

वकार,

परवा लॉबीत उभा होतो. दुसऱ्या मजल्यावरची मॅडम लिफ्टच्या वासाबद्दल तक्रार करत होती आणि खिशात फोन वाजला. नंबर ओळखीचा नाही. फोटोत मांजर. खाली इंग्रजीत, 'बडे अब्बू, धिस इज लाईबा. अब्बा सेड सेंड धिस.' आणि अकरा सेकंदांचा आवाज.

मॅडमला म्हटलं, वन मिनिट. आयुष्यात पहिल्यांदा मी इथल्या कोणाला तोडलं असेल. पंपाच्या खोलीत गेलो आणि कानाला लावला.

आधी काहीच नाही. मग एक कावळा. आपल्या अंगणातलाच, दुसरीकडचा कावळा असा ओरडत नाही. मग तू खाकरलास. आणि मग मथुरा. म्हातारी झालीय रे ती, आवाज फाटलाय, खाली खर्ज आलाय. पण तीच.

'झाला सगला बोलून? मंग ही पिशवी धर.'

आणि मागे बानू हसली.

मी किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. म्हणजे तू चिठ्ठीवरचं नाव वाचलंस. म्हणजे लाईबाने ते कुठून तरी शोधून काढलं आणि तू शेवटपर्यंत बसून बघितलंस, मी सांगायच्या आधीच. कधी बघितलंस? दुसऱ्या पत्रानंतर? मग मी तिसरं लिहीत होतो, चौथं लिहीत होतो, तेव्हा तुला शेवट माहीत होता?

तर आता बोलता येईल. गुंडू दारासमोर उभा राहतो, ठोठावतो, कोणी उघडत नाही. मग तो बंद दाराशी बोलायला लागतो. आधी थापा मारतो, मी राजाच्या पदरी होतो वगैरे. मग अर्धं खरं. मग रडतो, मग गुडघ्यांवर बसून सगळं खरं सांगतो, टोपी हातात चुरगाळत. आणि कॅमेरा हळूच वळतो. मथुरा त्याच्या मागे जिन्यात उभी आहे. बाजारातून आलीय, बटाटे घेऊन. कधीची उभी आहे देव जाणे. मिठी नाही, रडणं नाही, बाजा नाही. तिला फक्त वर जायचंय आणि हा माणूस वाट अडवून बसलाय. ती म्हणते, झालं बोलून? मग ही पिशवी धर, हात दुखला माझा. किल्लीने दार उघडते आणि आत जाते. दार उघडंच राहतं. तो पिशवी धरून उभा. संपलं.

मी हे पाहिलं तेव्हा रेनातोसमोर मोठ्याने रडलो होतो. तुला लिहिलं नव्हतं.

काल त्याला तुझा आवाज ऐकवला. त्याला मराठीचा एक शब्द कळत नाही. त्याने एकदा ऐकलं, कप खाली ठेवला आणि तेच वाक्य त्याच्या भाषेत म्हणाला, त्याच सुरात. मग सांगितलं की बाप फार बोलायला लागला की त्याची आई हेच म्हणायची. माझ्या जागी कोण येणार ते त्याने विचारलं. मी म्हटलं, कोणी तरी चांगला येईल. तो म्हणाला, माझा नळ खरंच गळायला लागला तर? मी त्याला माझा गावचा पत्ता लिहून दिला.

माफ केलं असं तू म्हणाला नाहीस, हे मला कळतं. पिशवी धर म्हणालास. मी धरतो.

उत्तर फोनवरच द्यायला हवं होतं. तीनदा बटण दाबून बघितलं, गुंडूचा आवाजच लागेना, नुसता श्वास भरला गेला. तो पुसून टाकला आणि हे लिहायला बसलो. हे आधी पोचेल की मी, सांगता येत नाही.

एकोणीसला दुपारपर्यंत येतो. दापोलीला स्टँडवर उतरलो की आधी बाजारात जाईन. दोन किलो. कोंब आलेले बघून टाळेन.

भाई